नेपल्सच्या दोन मुली



रायगड जिल्ह्यात माणगावच्या बाजूला ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना नाईक यशवंत घाडगे हे नाव सांगावे लागत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचा हा जवान धारातीर्थी पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी नामदेव जाधवांनीही तोच मान मिळवला. आपल्या गावोगावचे कितीतरी तरुण त्या परक्या डोंगरांत लढले. त्यामुळे इटली म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना लढाईच आठवायची. लढाई संपल्यावर तिथल्या गल्लीबोळांत माणसे कशी जगली, पोरे कशी वाढली, हे मात्र आपल्या कानावर फारसे आले नाही. आज मी तुम्हाला ज्या कादंबरीविषयी सांगणार आहे, तिच्यातल्या दोन मुली घाडगे पडले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९४४ मध्ये, नेपल्स शहरात जन्मल्या. अर्थात कादंबरीच्या पानांत!

कादंबरी मूळ इटालियन भाषेतली. २०११ साली निघाली. तिचे नाव ‘लामिका जेनियाले’. २०१२ साली अॅन गोल्डस्टीन यांचे इंग्रजी भाषांतर आले ते ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ या नावाने. मी वाचली ती इंग्रजीतून. आपण मराठीत तिला ‘माझी हुशार मैत्रीण’ म्हणू. मात्र ही हुशार मैत्रीण दोघींपैकी नेमकी कोणती, हा प्रश्न मनात जागा ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. लेखिकेचे नाव एलेना फेरान्ते, आणि तेही टोपणनाव बरे का. १९९२ साली तिचे पहिले पुस्तक आले तेव्हापासून ही बाई लोकांसमोर आलेली नाही. सभेला नाही, सत्काराला नाही. कथा एकूण चार भागांची आहे, चौथा भाग २०१४ साली निघाला. मी बोलणार आहे ते मुख्यतः पहिल्या भागाविषयी, म्हणजे दोघींच्या बालपणाविषयी.

दोघींपैकी एकीचे नाव लीला. ऐकून चमकलात ना? मीही चमकले. पण ही आपल्या शेजारची लीला नव्हे. तिचे पुरते नाव राफाएल्ला चेरुल्लो. सारी वस्ती तिला लीना म्हणते, फक्त तिची मैत्रीण तिला लीला म्हणते. ती मैत्रीण म्हणजे एलेना ग्रेको, घरातले नाव लेनू. लीलाचा बाप जोडे दुरुस्त करतो, लेनूचा बाप नगरपालिकेत शिपाई आहे. गोष्ट सांगते ती लेनू, आणि तीही साठी उलटल्यावर. एके दिवशी तिला कळते की लीला घरातून नाहीशी झाली आहे. कपडे, कागदपत्रे काहीसुद्धा मागे नाही. मुलाबरोबर काढलेल्या फोटोंतून आपला तेवढा भागही तिने कापून नेला आहे. लेनूला दुःख होण्याआधी राग येतो. तुला साऱ्या खुणा पुसून जायचे आहे काय, मग मी पहिल्यापासून सगळे लिहूनच काढते, अशा हट्टाने ती लिहायला बसते. जिवाभावाच्या मैत्रिणीवर असेही रागावता येते, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना पटेल.

आता ही वस्ती कशी, ते आधी डोळ्यांसमोर आणू. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस नेपल्सच्या लोकांनी चार दिवस जर्मन फौजेशी रस्त्यारस्त्यांवर झुंज दिली आणि त्यानंतर दोस्तांचे सैन्य शहरात आले. त्याआधी विमानांनी शहर भाजून काढले होते. उपासमार झाली, काळा बाजार माजला. दोघी शाळेत जायला लागतात तेव्हा ती आग विझलेली आहे, पण धग गेलेली नाही. वस्तीत सुतार आहे, गाडीवर फळभाजी विकणारे कुटुंब आहे, मिठाईवाले आहेत, रेल्वेत नोकरी करणारा एक कवीसुद्धा आहे. आणि सावकार आहे. डॉन आकिल्ले त्याचे नाव. युद्धात काळ्या बाजारात पैसा केला तो याने, असे लोक कुजबुजतात. मुले त्याला राक्षसच समजतात. मोठी माणसे मात्र त्याविषयी मुलांसमोर अवाक्षर काढत नाहीत. कोणी कोणाला बुडवले, कोण कोणाच्या बाजूने होता, कोणाचा माल कुठून आला, सगळे गिळून बसलेली माणसे. दारू पिऊन भांडतात, बायकांना मारतात, मुलांना बडवतात, पण त्याच्या मागचे कारण सांगत नाहीत. पुढे लीला थोडी मोठी झाल्यावर तिला हाच एक ध्यास लागतो: आपल्या जन्माआधी इथे काय काय घडले ते मला कळले पाहिजे.

दोघींची मैत्री जमते ती बाहुल्यांवरून. लीला लेनूची बाहुली घेते आणि तळघराच्या झरोक्यातून खाली अंधारात टाकून देते. लेनू रडत नाही, की घरी जाऊन सांगत नाही. ती लीलाची बाहुली घेते आणि तिथूनच टाकते. मग दोघी खाली उतरून शोधतात, बाहुल्या सापडत नाहीत. लीला म्हणते, त्या डॉन आकिल्लेने नेल्या. आणि या दोन चिमुरड्या त्या राक्षसाच्या घराचा जिना चढतात, बाहुल्या परत मागायला! वर जाताना लीला लेनूचा हात धरते. सबंध कादंबरीत मला तो हात पुन्हा पुन्हा आठवत राहिला, कारण पुढे या दोघी एकमेकींचे बरेच वाईट चिंततात, चोरून हेवा करतात, महिनोन्‌महिने बोलत नाहीत, आणि तरीही तो हात पुरता सुटत नाही.

राक्षस दार उघडतो. तो निघतो एक साधा, गोंधळलेला माणूस. बाहुल्यांसाठी म्हणून तो त्यांना पैसे देतो. त्या पैशांतून त्या काय घेतात? अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट हिची ‘लिटिल विमेन’ ही कादंबरी. अंगणात बसून दोघी ती वाचतात. शिलाई सुटते, पाने सुटी होतात, तरी वाचतात. आपणही असे पुस्तक लिहू आणि श्रीमंत होऊ, हा त्यांचा बेत. लीला तर बेतावर थांबत नाही. दहा-एक पानांची एक वही ती लिहून काढते आणि तिला नाव देते ‘निळी परी’.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथून पुढे ही गोष्ट तुमची-माझी आहे.

लीला शाळेत येण्याआधीच आपली आपण वाचायला शिकलेली आहे. वर्गात ती खोडकर, कळकट, उद्धट. पण तोंडी हिशेबात, शुद्धलेखनात तिच्यापुढे कोणी टिकत नाही. लेनू मेहनती, बाईंची आवडती, आणि लीला पुढे आहे हे मनोमन मान्य केलेली. त्यांच्या बाईंचे नाव ओलिव्हिएरो. बाई शाळेत शुद्ध इटालियन बोलतात, मुले घरी नेपल्सची बोली बोलतात. बोली आणि पुस्तकी भाषा यांतले अंतर काय असते, हे खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्याला निराळे सांगायला नको. लेनूला पुढे दोन्ही भाषा सांभाळाव्या लागतात: घरी इटालियन बोलली तर आई म्हणणार शेफारली, शाळेत बोली आली तर मुली हसणार. कादंबरीत बोलीतले संवादही बहुतेक शुद्ध इटालियनमध्येच लिहिले आहेत, आणि लेखिका नुसते सांगते की हे वाक्य ती बोलीत बोलली. वाचताना आपल्याला तेवढ्याने कळते की आता भांडण पेटणार, किंवा आता कोणी तरी खरे बोलणार.

पाचवी संपते. माध्यमिक शाळेत जायचे तर त्या काळी इटलीत प्रवेशपरीक्षा होती, आणि त्या शाळेत लॅटिन शिकवत. तयारीसाठी शिकवणी लावायची, म्हणजे पैसे. बाई दोन्ही घरांशी बोलतात. लेनूचे आईबाप कुरकुरतात, भांडतात, शेवटी कबूल होतात. लीलाचा बाप नाही म्हणतो. तिचा मोठा भाऊ रीनो बापाच्या हाताखाली दुकानात राबतो. तो बापाला म्हणतो, मला मजुरी द्या, तिच्या शाळेचे मी पाहतो. घरात आरडाओरडा होतो. आणि एके दिवशी भांडण विकोपाला जाऊन बाप त्या दहा वर्षांच्या पोरीला खिडकीतून बाहेर फेकतो. तिचा हात मोडतो. बाप वाईट माणूस नव्हे. पोरीवर त्याचा जीव आहे, हेही लेखिका दाखवते. म्हणूनच ते वाचवत नाही.

थोडे कायद्याविषयी. इटलीच्या राज्यघटनेने, ती १ जानेवारी १९४८ पासून अमलात आली, निदान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आणि मोफत ठरवले होते. कागदावर चौदा वर्षांपर्यंतची सक्ती तर १९२३ पासूनचीच. पण पाचवीनंतर वाट फुटत होती: परीक्षा देऊन लॅटिनच्या शाळेत जाणारे थोडे, कामधंद्याच्या शाळेत जाणारे काही, आणि घरी किंवा दुकानात बसणारे पुष्कळ. सर्वांना एकच माध्यमिक शाळा आणि प्रवेशपरीक्षा बंद, असा कायदा झाला तो ३१ डिसेंबर १९६२ रोजी. त्यानंतरही गरिबांची मुले गळतच राहिली. टस्कनीच्या डोंगरातल्या बार्बियाना या वाडीत दोन लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने चालवलेल्या शाळेतल्या मुलांनी १९६७ साली ‘एका बाईंना पत्र’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून त्याचा जाब विचारला. पण ती निराळी कथा. आपली लीला १९६२ साली अठरा वर्षांची होती आणि तिच्या लग्नाला दीड वर्षाहून अधिक काळ झाला होता.

लग्नापर्यंत जाण्याआधी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. परीक्षेआधीच्या त्या दिवसांत लीला लेनूला म्हणते, शाळा चुकवू आणि समुद्र पाहायला जाऊ. नेपल्समध्ये राहून या मुलींनी समुद्र धड पाहिलेला नाही! दोघी वस्तीच्या टोकाचा बोगदा ओलांडून चालत राहतात. इतके दिवस पुढे असायची ती लीला, पण आता लीलाची पावले जड होतात, ती वळून वळून मागे पाहते, आणि लेनूला मात्र मोकळे मोकळे वाटू लागते. आभाळ भरून येते, पाऊस कोसळतो, लीला तिला परत फिरवते. घरी लेनूला बेदम मार बसतो. दुसऱ्या दिवशी लीला विचारते: नुसते मारले? तरीही तुला लॅटिन शिकायला पाठवणार आहेत? लेनू चमकते. आपल्या आईबापांनी शिक्षा म्हणून शाळा बंद करावी यासाठी हिने आपल्याला नेले होते की काय? की तसे होऊ नये म्हणूनच हिने आपल्याला अर्ध्यातून परत आणले? की आधी एक मनात होते आणि मग दुसरे आले? लेखिका उत्तर देत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या मनात एवढे असते का, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, असते.

आणि ती ‘निळी परी’? लेनूने ती वही ओलिव्हिएरो बाईंना नेऊन दिली. बाई काही बोलल्या नाहीत. लेनूने धीर करून विचारले, तेव्हा बाईंनी वहीचे नावच काढले नाही. तिला विचारले, ‘प्लेब’ म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? प्लेब म्हणजे रोमन इतिहासातली खालच्या थरातली, ज्यांना कोणी मोजत नाही अशी माणसे. ज्याला त्यातच राहायचे आहे तो कशालाच पात्र नाही, तेव्हा त्या चेरुल्लोचा विचार सोड आणि स्वतःचे बघ, असा बाईंच्या बोलण्याचा रोख. ज्या मुलीला पुढे पाठवण्यासाठी त्यांनी स्वतः खटपट केली, तिच्यावरच त्या फिरल्या. आपला पराभव झाला की आपण कोणावर रागावतो, पाहा.

मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवीत होते. सातवीतल्या एका मुलीने मला तिने रचलेल्या गोष्टींची वही दिली होती. आठवीला तालुक्याच्या गावी तिला पाठवणार नव्हते, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. वाचून परत देते, असे मी म्हणाले. वाचली, आवडलीही, आणि परत द्यायची राहून गेली. खरे सांगायचे तर राहून गेली नाही. आता हिला काय सांगायचे, असे वाटले म्हणून दिली नाही. ओलिव्हिएरो बाईंचा तो प्रसंग आला तेव्हा मला पुस्तक खाली ठेवावे लागले.

लीलाची शाळा सुटली, शिकणे सुटले नाही. वस्तीत फेर्रारो मास्तर एक वाचनालय चालवतात. एका वर्षी सर्वांत जास्त पुस्तके नेणाऱ्यांना बक्षिसे लागतात. पहिली राफाएल्ला चेरुल्लो. दुसरा तिचा बाप, तिसरी तिची आई, चौथा भाऊ रीनो! साऱ्या घरादाराच्या नावावर एकटी लीलाच पुस्तके नेत होती. पाचवी कोण? आपली लेनू. आणि हीच लेनू माध्यमिक शाळेत लॅटिनमध्ये गटांगळ्या खाते तेव्हा तिला तारते ती लीला. वाचनालयातून व्याकरण आणून ती आधीच लॅटिन शिकून बसलेली असते. ती सांगते: वाक्य पहिल्यांदा सबंध वाच, मग क्रियापद शोध, क्रियापदावरून कर्ता हुडक, मग बाकीचे लाव. संस्कृत शिकवणाऱ्यांना ही अन्वयाची रीत ओळखीची वाटेल. लेनू पास होते. पुढे एका निबंधात ती रोमन महाकाव्यातल्या दिदो राणीविषयी जे लिहून शाबासकी मिळवते, तो विचारही दुकानात जोडे शिवता शिवता लीलाने तिला सांगितलेला असतो.

लेनू प्रामाणिक आहे, तिने हे लपवलेले नाही. पण आणखी एक गोष्ट ती हळूच सांगते: लीलाने एखादी गोष्ट मनावर घेतली की मलाही तिची गोडी वाटायची, आणि तिचे लक्ष उडाले की माझेही अवसान जायचे. शाळेत जाणारी शाळेबाहेरचीच्या डोक्याने चालते आहे, आणि शाळेबाहेरची शाळेत जाणारीच्या डोळ्यांनी ती शाळा पाहते आहे. असे वर्षामागून वर्ष चालते.

दरम्यान लीला भावाबरोबर नव्या धर्तीच्या जोड्यांची चित्रे काढते, बापाची नजर चुकवून एक जोड शिवते. (हा जोड्यांचा भाग मला जरा लांबलेला वाटला, पण पुस्तक टाकू नका, शेवटी तो कामी येतो.) ती वयात येते, देखणी दिसू लागते, आणि वस्तीतले पैसेवाले मागे लागतात. मिठाईवाल्या सोलारांचा मुलगा मार्चेल्लो तिला नको असतो. त्याच्या तावडीतून सुटायला ती किराणावाल्या स्तेफानोला होकार देते. हा स्तेफानो कोण? त्या डॉन आकिल्लेचा मुलगा. मार्च १९६१ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिचे लग्न होते.

लग्नाच्या सकाळी लेनू तिला न्हाऊ घालते. बोलता बोलता लीला म्हणते, तू शिकत राहा, काय वाटेल ते होवो. लेनू म्हणते, अजून थोडीच वर्षे, मग माझे शिकणे संपेल. लीला म्हणते, तुझे संपायचे नाही, पैसे मी देईन. आणि मग ती लेनूला आपली हुशार मैत्रीण म्हणते, मुलामुलींत तूच सर्वांच्या पुढे गेली पाहिजेस म्हणते. इतका वेळ आपण समजत होतो की पुस्तकाचे नाव लीलाचे आहे. हे शब्द निघाले मात्र लीलाच्या तोंडून, लेनूसाठी!

संध्याकाळी मेजवानीत माणसे चढलेली, कोणाला चांगली दारू आधी दिली यावरून भांडणारी, लेनूची आई मोठमोठ्याने हसणारी. ते पाहताना लेनूला बाईंचा तो ‘प्लेब’ शब्द आठवतो. आणि मग दारातून एक पाहुणा आत येतो. त्याच्या पायांत काय असते, ते तुम्ही वाचा.

त्या वहीचे पुढे काय झाले, ते मात्र सांगते, जरी ते दुसऱ्या भागात येते. ओलिव्हिएरो बाई वारल्यावर लेनूच्या जुन्या वह्यांचे एक पुडके तिच्या हाती आले. त्यात ‘निळी परी’ होती. पानापानाच्या कडेला बाईंच्या अक्षरात शेरे होते, सगळे वाहवा करणारे. बाईंनी ती वाचली होती, जपली होती, आणि त्या मुलीला एका शब्दाने सांगितले नव्हते. लेनू तोवर मोठी पदवी घेऊन लेखिका झालेली. तिची पहिली कादंबरी छापून आलेली. ‘निळी परी’ पुन्हा वाचताना तिच्या ध्यानात आले की आपल्या कादंबरीचा गाभा या लहान मुलीच्या दहा पानांतला आहे. ती वही घेऊन ती लीलाला शोधत गेली. लीला तेव्हा घर सोडून, शहराच्या कडेला मांसाचे पदार्थ बनवण्याच्या एका कारखान्यात मजुरी करत होती; हातांवर जखमा, अंगाला वास. लेनूने तिला वही दिली, बाईंचे शेरे दाखवले. निघताना तिने वळून पाहिले. आवारात शेकोटी पेटलेली होती. लीलाने चालता चालता वहीची पाने चाळली आणि वही आगीत टाकली.